लॅटिन भाषेतील भेक : 'रूबेता' आणि 'बूफो' या शब्दांचा इतिहास

मिसर देशावर आलेल्या दहा पीडांचे विवरण करताना, किंवा प्रकटीकरणाच्या सोळाव्या अध्यायावर बोलताना, आपल्यापैकी अनेक जण बेडकाचा उल्लेख 'विषारी', 'अमंगळ', 'सैतानाचे रूप' अशा विशेषणांनी करतात. श्रोत्यांनाही ते खटकत नाही. पावसाळ्यात दिव्याखाली किडे टिपत बसणारा, अंगावर फोड असलेला, मातकट रंगाचा प्राणी त्यांच्या डोळ्यांपुढे येतो आणि तोच पवित्र शास्त्रातील बेडूक, असे ते धरून चालतात. वस्तुतः हा फोडांचा प्राणी व पवित्र शास्त्रातील बेडूक हे दोन निराळे जीव आहेत. लॅटिन भाषेत त्यांना निरनिराळे शब्द आहेत. विष आणि सैतान या दोन्ही कल्पना पहिल्या प्राण्याच्या नावाला चिकटलेल्या आहेत, दुसऱ्याच्या नव्हे. त्या कोठून आल्या, ख्रिस्तसभेच्या भाषेत कशा शिरल्या आणि एका शब्दाच्या वापराने एके काळी माणसांच्या प्राणांवर कसे बेतले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

आरंभी आपल्या शब्दांविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मराठीच्या नित्य व्यवहारात 'बेडूक' हा एकच शब्द आपण दोन्ही प्राण्यांना लावतो. आम्ही ज्या हैदराबाद शहरात आहोत तेथील अंबरपेठेसारख्या मुसीकाठच्या वस्तीत मराठी, तेलुगू व दक्खिनी या तिन्ही भाषा एकाच गल्लीत कानी पडतात; परंतु तेलुगू 'कप्प' आणि दक्खिनी 'मेंडक' हे शब्दही साधारण बोलण्यात असेच दोहोंना पुरतात. मराठी प्राणिशास्त्राच्या परिभाषेने मात्र गुळगुळीत, ओलसर अंगाच्या, लांब उड्या मारणाऱ्या जलप्रिय प्राण्यासाठी 'बेडूक' आणि खरबरीत, कोरड्या कातडीच्या, जमिनीवर सावकाश सरकणाऱ्या प्राण्यासाठी 'भेक' असा भेद केला आहे. 'भेक' हा मूळ संस्कृत शब्द. संस्कृतात तो बेडकाचाच पर्याय आहे. या लेखात आम्ही तो परिभाषेतील मर्यादित अर्थाने योजतो.

व्हल्गेटमध्ये भेक आहे काय?

संत जेरोम यांनी इ. स. ३९० ते ४०५ या काळात जुन्या करारातील बहुतेक पुस्तकांचे हिब्रूवरून लॅटिन भाषांतर केले. निर्गमाच्या आठव्या अध्यायात हिब्रू शब्द 'त्सेफार्देआ' असा आहे. ग्रीक सप्ततीने त्यासाठी 'बात्राखोस' हा शब्द वापरला आणि जेरोम यांनी 'राना' हा वापरला. 'राना' म्हणजे बेडूक. हाच शब्द पीडांचे स्मरण करणाऱ्या दोन स्तोत्रांत (७८ आणि १०५, व्हल्गेटच्या गणनेप्रमाणे ७७ आणि १०४), ज्ञानग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात आणि प्रकटीकरणाच्या सोळाव्या अध्यायात येतो. भेकवाचक 'बूफो' किंवा 'रूबेता' हे शब्द व्हल्गेटमध्ये कोठेही नाहीत. ज्या प्राण्याच्या नावावर मध्ययुगाने एवढे अंधाराचे साम्राज्य उभारले, त्याला लॅटिन पवित्र शास्त्रात साधी जागाही नाही!

हिब्रू शब्दाचा अर्थ सर्वांना निर्विवाद वाटत होता असे मात्र नाही. बाराव्या शतकातील यहुदी भाष्यकार अब्राहम इब्न एझ्रा यांनी, 'त्सेफार्देआ' म्हणजे नाईलमधील सुसर असे मानणाऱ्या मताची नोंद केली आहे. तथापि ग्रीक, लॅटिन आणि पुढील बहुतेक सर्व भाषांतरे बेडकावरच स्थिर राहिली. मराठी भाषांतरकारांनीही 'बेडूक' हाच शब्द ठेवला, आणि तो योग्यच होता.

लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातील अशुद्ध प्राण्यांची यादी येथे विशेष बोधप्रद आहे. एकोणतिसाव्या वचनातील हिब्रू 'त्साव' हा शब्द बहुधा वाळवंटातील एका मोठ्या सरड्याचा वाचक आहे. सप्ततीने त्याला जमिनीवरची सुसर म्हटले. जेरोम यांनी केवळ सुसर म्हटले. मार्टिन ल्यूथर यांनी मात्र आपल्या जर्मन भाषांतरात या जागी भेकवाचक 'क्रोट' हा शब्द घातला. मूळ हिब्रूत भेक नाही, ग्रीकमध्ये नाही, लॅटिनमध्ये नाही; परंतु सोळाव्या शतकातील जर्मन वाचकाच्या मनात सर्वांत किळसवाणा प्राणी कोणता, तर भेक. म्हणून तो अशुद्धांच्या यादीत येऊन बसला. लोकांच्या मनात आधीच रुजलेली घृणा भाषांतराच्या वाटेने पवित्र शास्त्रात कशी प्रवेश करते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

रोमन साहित्यातील दोन शब्द

'बूफो' हा शब्द अभिजात लॅटिन साहित्यात अतिशय दुर्मिळ आहे. तो व्हर्जिलच्या शेतीविषयक काव्यात, 'जॉर्जिक्स'च्या पहिल्या सर्गात, एकदाच येतो. हे काव्य इ. स. पूर्व २९च्या सुमारास पूर्ण झाले. तेथील प्रसंग आपल्या शेतकऱ्याला परका वाटणार नाही. खळे कसे करावे, हे कवी सांगत आहे. जमीन रुळाने सपाट करावी, चिकणमातीने घट्ट करावी, भेगा राहू देऊ नयेत. नाहीतर उंदीर बीळ करतो, आंधळी चिचुंद्रीसारखी जनावरे जमीन पोखरतात, बिळांत भेक सापडतो, सोंडे धान्याच्या राशी फस्त करतात आणि मुंग्या येतात. येथे 'बूफो'ला ना विष आहे, ना पाप. तो खळ्यावरचा एक नको असलेला पाहुणा आहे, एवढेच. खरे पाहता या यादीत त्याचे नाव येणे अन्यायाचेच आहे. कारण तो धान्य खात नाही, धान्य खाणाऱ्या किड्यांना खातो. राखणदार चोरांच्या यादीत गेला आणि पुढे दोन सहस्रके तेथेच राहिला!

शब्दाच्या घडणीवरून भाषाशास्त्रज्ञांनी एक अनुमान केले आहे. दोन स्वरांच्या मध्ये येणारा 'फ' हा अस्सल लॅटिन शब्दांत सहसा आढळत नाही. तो इटलीतील शेजारच्या ऑस्कन-उंब्रियन बोलींत आढळतो. म्हणून 'बूफो' हा खेड्यांतून रोमच्या भाषेत आलेला ग्रामीण शब्द असावा. व्हर्जिलच्या काव्यावर इ. स. ४००च्या सुमारास टीका लिहिणाऱ्या सर्व्हियसला या शब्दाचा अर्थ 'जमिनीवर राहणारा मोठा बेडूक' असा मुद्दाम सांगावा लागला. शब्द नगरवासी वाचकांच्या परिचयाचा नसावा, हे यावरून उघड होते.

नगरांत प्रचलित होता तो 'रूबेता' हा शब्द. 'रूबुस' म्हणजे काटेरी झुडूप. त्या झुडपांत राहणारा तो 'रूबेता'. इ. स. ७९मध्ये मरण पावलेल्या थोरल्या प्लिनीने आपल्या 'निसर्गेतिहास' या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे: तो सर्व बेडकांत मोठा, काट्याकुट्यांत राहणारा आणि विषप्रयोगाच्या द्रव्यांनी भरलेला. त्याच्या उजव्या कुशीतील एक हाड उकळत्या पाण्यात टाकले असता पाणी थंड होते, अशा चमत्कारिक समजुतीही प्लिनीने नोंदविल्या आहेत. दुसऱ्या शतकाच्या आरंभी उपहासकवी जुव्हेनल याने आपल्या पहिल्याच उपहासिकेत, तहानलेल्या नवऱ्याच्या मद्यात 'रूबेता' कालवून देणारी कुलीन स्त्री रंगविली आहे. येणेप्रमाणे रोमन वाचकाच्या मनात 'रूबेता' या शब्दाबरोबर विष, गुप्त कट आणि घरातील विश्वासघात हे अर्थ कायमचे जोडले गेले.

या समजुतीला वास्तवाचा थोडा आधार होता, हे नाकारता येत नाही. भेकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. त्याला दाबले किंवा तोंडात धरले असता त्यांतून पांढुरका स्राव येतो. त्यातील काही द्रव्ये हृदयाच्या क्रियेवर परिणाम करतात. भेकाला तोंडात धरणारे कुत्रे लाळ गाळू लागते ते यामुळेच. परंतु हे विष स्वतःच्या रक्षणापुरते आहे. भेक दंश करून विष टोचत नाही आणि त्याच्या स्पर्शाने माणसाच्या अंगावर चामखीळ येत नाही. जे हत्यार केवळ मार खाताना बाहेर येते, त्यावरून त्याला मारेकरी ठरविण्यात आले.

आवाज आणि विष

सातव्या शतकाच्या आरंभी सेव्हिलचे बिशप संत इसिदोर यांनी शब्दांच्या व्युत्पत्तींचा आपला प्रसिद्ध कोश रचला. मध्ययुगातील प्रत्येक मठाच्या ग्रंथसंग्रहात या कोशाला मानाचे स्थान होते. त्यात त्यांनी 'राना' हे नाव बेडकाच्या बडबडीवरून पडले असे सांगितले आहे आणि 'रूबेता' ही बेडकांतीलच एक, सर्वांत मोठी, झुडपांत राहणारी जात असे म्हटले आहे. आधुनिक भाषाशास्त्र त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती स्वीकारणार नाही. तथापि त्यांच्या नोंदीवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. लॅटिन मनात दोन वेगळे धागे होते: 'राना' म्हणजे आवाज आणि 'रूबेता' म्हणजे विष.

ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी निर्गमाचे विवरण केले तेव्हा त्यांनी पहिलाच धागा हाती घेतला. ओरिजेन यांची निर्गमावरील प्रवचने रुफिनुस यांच्या लॅटिन भाषांतरात उपलब्ध आहेत. त्यांच्या मते बेडकांची पीडा ही पोकळ, फुगवट सुरांत जगाला भुलविणाऱ्या कवींच्या गाण्यांची खूण आहे. संत ऑगस्टीन यांनी दहा पीडांवरील आपल्या प्रवचनात बेडकांचा अर्थ वाचाळ पोकळपणा असा लावला. दोघांच्याही विवरणात विषाचा मागमूस नाही. दोष आहे तो जिभेचा.

प्रकटीकरणाच्या सोळाव्या अध्यायाकडेही याच दृष्टीने पाहावे. अजगर, श्वापद आणि खोटा संदेष्टा या तिघांच्या मुखांतून बेडकांसारखे तीन अशुद्ध आत्मे निघतात व पृथ्वीवरील राजांना युद्धासाठी जमविण्यास जातात. ते कोठून निघतात याकडे लक्ष द्यावे. ते मुखांतून निघतात. तेव्हा ही प्रतिमा विषाची नसून खोट्या, चिथावणीखोर वाणीची आहे. आपण येथे भेकाचे विष आणतो तेव्हा वचनातील धार बोथट होते. कारण श्रोता घाणेरड्या प्राण्याला नाक मुरडतो आणि स्वतःच्या जिभेला विसरतो.

याच ऑगस्टीन यांनी मॅनिकी पंथाविरुद्ध उत्पत्तीवर भाष्य लिहिताना (इ. स. ३८८-३८९) बेडकाविषयी एक वेगळे आणि फार प्रामाणिक उद्गार काढले आहेत. उंदीर, बेडूक, माशा आणि किडे देवाने कशासाठी निर्माण केले, हे आपल्याला ठाऊक नाही, असे ते कबूल करतात. परंतु आपापल्या जातीत ते सर्व सुंदर आहेत, हे आपल्याला दिसते, असे त्यांचे म्हणणे आहे. दृश्य सृष्टी ही दुष्ट तत्त्वाची कृती आहे, असे मॅनिकी पंथाचे लोक मानीत. त्याला उत्तर देण्यासाठी ऑगस्टीन यांनी सिंह किंवा गरुड निवडला नाही, बेडूक निवडला. सृष्टी चांगली आहे या विश्वासाची कसोटी तुच्छ वाटणाऱ्या प्राण्यावरच लागते, हे त्यांनी ओळखले होते.

मिसरमधील ख्रिस्ती लोकांनी तर बेडकाला आशेचेच चिन्ह केले. प्राचीन मिसरमध्ये बेडकाच्या रूपातील हेकेत ही प्रसूतीची आणि नवजीवनाची देवता होती. नाईलचा पूर ओसरल्यावर गाळातून बेडकांचे थवे निघत. त्यामुळे बेडूक हा नव्या जीवनाचा संकेत ठरला होता. रोमन काळात तेथे बेडकाची आकृती असलेले मातीचे छोटे दिवे सर्वत्र वापरात होते. ख्रिस्ती लोकांनी ते टाकून दिले नाहीत. त्यांवर क्रूस कोरला. अशा एका दिव्यावर तर योहानाच्या शुभवर्तमानातील, प्रभूने लाजरसच्या बहिणीला उच्चारून दाखविलेल्या पुनरुत्थानाच्या वचनाची ग्रीक अक्षरे आहेत. ज्या देशावर बेडकांची पीडा आली त्याच देशात बेडूक पुनरुत्थानाचा दिवा होऊन बसला.

मध्ययुगातील प्रवचनकार आणि शिल्पकार

पश्चिमेकडील लॅटिन जगात मात्र दोन्ही धागे हळूहळू गुंतत गेले. 'बूफो' हा ग्रामीण शब्द मध्ययुगीन लॅटिनमध्ये सर्वत्र रूढ झाला आणि 'रूबेता'चे सारे विष त्याच्याकडे आले. भेक बिळात, ओलाव्यात, कबरीच्या मातीत सापडतो. तेव्हा मृत्यू व कुजणे यांचाही संबंध त्याच्याशी जुळला. फ्रान्समधील म्वासाक येथील मठाच्या दक्षिण द्वारावर, बाराव्या शतकातील शिल्पात, कामवासनेचे रूप म्हणून कोरलेल्या स्त्रीच्या अंगाला साप आणि भेक डसलेले आहेत. स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये मूर्ख कुमारींना भुलविणारा तरुण समोरून देखणा आहे. त्याच्या पाठीवर साप आणि भेक चढत आहेत.

प्रवचनकारही मागे राहिले नाहीत. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात हाइस्टरबाखचे सिस्टर्शियन संन्यासी सिझेरियस यांनी नवशिक्या संन्याशांसाठी चमत्कारकथांचा मोठा संग्रह रचला. त्यात मेत्स नगरातील एका सावकाराची कथा आहे. त्याला त्याच्या इच्छेप्रमाणे पैशांच्या थैलीसह पुरले. पुढे कबर उकरली तेव्हा थैलीच्या तोंडाशी एक आणि प्रेताच्या छातीवर दुसरा, असे दोन भेक दिसले. पहिला थैलीतून नाणी काढून देत होता व दुसरा ती मृताच्या हृदयात घालीत होता. ही कथा ऐकताना आपल्याकडील 'लोभी माणूस मेल्यावर धनावर नाग होऊन बसतो' या समजुतीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. नागाच्या फण्यात मणी असतो असे आपण ऐकत आलो, तसे युरोपीय लोक भेकाच्या मस्तकात रत्न असते असे मानीत आणि ते विषबाधेवर उतारा म्हणून अंगठीत घालीत. ती 'रत्ने' प्रत्यक्षात प्राचीन माशांचे अश्मीभूत दात होते, हे पुढे सिद्ध झाले.

येथवर आम्हाला फारसा आक्षेप नाही. लोभाची किळस यावी म्हणून प्रवचनकाराने एखाद्या प्राण्याची प्रतिमा योजली, तर तो शिकविण्याचा एक मार्ग आहे. सिझेरियस यांच्या कथेतील भेक सावकाराच्या हृदयाकडे बोट दाखवितो; कोणाही जिवंत माणसाला तो भेक म्हणत नाही. धोका याच्या पुढच्या पायरीवर आहे.

'व्हॉक्स इन रामा'

इ. स. १२३३च्या जून महिन्यात पोप नववे ग्रेगरी यांनी मायन्सचे आर्चबिशप, हिल्डेसहाइमचे बिशप व इतरांना उद्देशून एक फर्मान पाठविले. त्याच्या आरंभीच्या शब्दांवरून ते 'व्हॉक्स इन रामा' या नावाने ओळखले जाते. (हा 'रामा' म्हणजे राहेलचा आक्रोश जेथे ऐकू आला ते पवित्र शास्त्रातील गाव होय.) जर्मनीत पाखंडी लोकांचा एक गुप्त पंथ असून त्यात नव्याने येणाऱ्यापुढे प्रथम एक प्राणी प्रकट होतो आणि उमेदवार त्याचे चुंबन घेतो, असे त्यात वर्णिले आहे. त्या प्राण्याचे वर्णन करताना फर्मानाची भाषा लक्षणीय आहे: तो बेडकाची, म्हणजे 'राना'ची, एक जात असून काही लोक त्याला 'बूफो' म्हणतात, असा त्याचा आशय आहे. पवित्र शास्त्रातील शब्द आणि खळ्यावरचा शब्द येथे एका वाक्यात शेजारी आले. प्रकटीकरणातील अशुद्ध आत्म्यांची छाया व रोमन विषाची छाया एकाच प्राण्यावर पडली.

ही माहिती पोपमहाशयांकडे आली होती ती मुख्यत्वे मार्बुर्गचे कॉनराड यांच्या चौकशीतून. त्या चौकशीत आरोपीपुढे दोनच वाटा असत: गुन्हा कबूल करून प्राण वाचवावे, किंवा नाकारून आगीत जावे. अशा रीतीने मिळालेल्या कबुलीजबाबांत भेक, काळे मांजर आणि सैतान यांची वर्णने न येतील तरच नवल. मायन्सचे आर्चबिशप तिसरे सीगफ्रीड यांना ही पद्धत मान्य नव्हती. त्यांनी तिच्याविरुद्ध पोपकडे तक्रार केली. त्याच वर्षी जुलैमध्ये सायनचे काउंट हेन्री यांच्यावरील आरोप मायन्सच्या सभेपुढे टिकले नाहीत. सभेवरून परतताना ३० जुलै १२३३ रोजी कॉनराड यांची हत्या झाली. तोपर्यंत अनेक माणसे जाळली गेली होती.

आम्ही हा इतिहास ख्रिस्तसभेच्या निंदेसाठी सांगत नाही. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी क्षमायाचनेच्या दिवशी, सत्याच्या सेवेच्या नावाखाली घडलेल्या पापांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. जे सभेने स्वतः कबूल केले आहे ते धर्मशिक्षकांनी जाणून घेणे इष्टच आहे. येथे दाखवायचे एवढेच की, शब्दाचा प्रवास कोठून कोठे झाला. खळ्यावरचा भेक, विषाच्या पेल्यातील भेक, लोभ्याच्या छातीवरील भेक आणि शेवटी शेजाऱ्याच्या घरात शोधला जाणारा भेक! पहिल्या तीन पायऱ्यांवर तो कथेतील प्राणी होता. चौथ्या पायरीवर तो पुरावा झाला.

आपला प्रदेश आणि आपली जबाबदारी

मराठवाड्यात ज्याला भानामती म्हणतात आणि तेलंगणात बाणामती, त्या समजुतीशी परिचय नसलेला धर्मशिक्षक या सीमाभागात विरळा. एखाद्या घरात आजार हटत नाही, अंगावर खुणा उठतात, जनावरे मरतात, तेव्हा वाडीत कोणा एकाचे, बहुधा एखाद्या एकट्या स्त्रीचे, नाव कुजबुजले जाते. पुढे मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते, प्रसंगी प्राणही जातो. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०१३मध्ये अशा अघोरी प्रथांविरुद्ध कायदा संमत केला. त्यासाठी दीर्घकाळ झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात हत्या झाली होती. कायदा आहे, परंतु कुजबुज प्रथम ऐकू येते ती पोलीस ठाण्यात नव्हे, प्रार्थनासभेनंतरच्या ओसरीवर. तेथे उपस्थित असतो तो धर्मशिक्षक. त्याने आदल्या रविवारी 'सैतान अमुक रूपाने घरात शिरतो' असे रंगवून सांगितलेले असेल, तर त्या कुजबुजीला त्यानेच शब्द पुरविलेले असतात. १२३३ सालचे जर्मनी आपल्यापासून वाटते तितके दूर नाही.

याच प्रदेशात बेडकाचे दुसरेही रूप आहे. पाऊस ओढ धरतो तेव्हा महाराष्ट्रात मुले बेडूक आणि कडुलिंबाचा पाला घेऊन दारोदार धोंडी मागतात. तेलंगणात स्त्रिया मुसळाला बेडूक बांधून कप्पतल्लीचे, म्हणजे बेडूकमातेचे, फेर धरतात आणि घरोघरी त्यावर पाणी ओतले जाते. बेडूक पाऊस आणतो असे आपण शिकवीत नाही. बांधलेल्या मुक्या प्राण्याचे हालही आपण समर्थनीय मानीत नाही. तथापि या प्रथेमागे असलेली, पाण्यासाठी आकाशाकडे पाहणारी व्याकुळता ओळखणे आपले काम आहे. येथे बेडूक सैतानाचा दूत नाही. तो तहानलेल्या गावाचा सोबती आहे.

शास्त्राने दिलेली नावे

आधुनिक प्राणिशास्त्रही या जुन्या तिटकाऱ्यापासून सर्वस्वी मुक्त नव्हते. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी इ. स. १७५८मध्ये उभयचर आणि सरपटणारे प्राणी एका वर्गात घातले, त्यांना अत्यंत ओंगळ ठरविले आणि निर्माणकर्त्याने असे प्राणी फारसे निर्माण करण्याचे श्रम घेतले नाहीत, अशा अर्थाचा शेरा मारला. ऑगस्टीन यांच्या नम्र 'ठाऊक नाही' पुढे हा शेरा किती आत्मविश्वासपूर्ण, आणि किती चुकीचा! आजमितीस केवळ उभयचरांच्याच आठ हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्या श्रमांचा हिशेब निर्माणकर्त्याने लिनियस यांना दाखविला नव्हता, इतकेच.

लिनियस यांनी युरोपीय भेकाला 'राना बूफो' असे जोडनाव दिले होते. पुढे १७६८मध्ये लॉरेंटी यांनी 'बूफो' ही स्वतंत्र प्रजाती केली. आपल्या अंगणातील भेकाला १७९९मध्ये श्नायडर यांनी 'बूफो मेलानोस्टिक्टुस', म्हणजे काळ्या ठिपक्यांचा भेक, असे नाव दिले. त्याच्या अंगावरील फोडांची टोके काळी असतात व डोक्यावर काळ्या कडांचे उंचवटे असतात, यावरून ते पडले. २००६मध्ये झालेल्या पुनर्रचनेत हा प्राणी 'बूफो'तून निघाला आणि भारतीय उभयचरशास्त्रज्ञ सुशीलकुमार दत्ता यांच्या सन्मानार्थ केलेल्या 'दत्ताफ्रायनुस' या नव्या प्रजातीत गेला. 'फ्रिनोस' हा भेकाचा ग्रीक शब्द. अशा रीतीने व्हर्जिलच्या खळ्यावरून निघालेले नाव आपल्या भेकाच्या पाठीवरून उतरले. शास्त्राने नाव बदलले; आपल्या प्रवचनांतील विशेषणे मात्र अजून उतरायची आहेत.

बेडकाच्या उपयोगाचीही जाणीव आपल्या देशाला उशिराच झाली. तंगड्यांच्या निर्यातीसाठी शेतांतील बेडूक मोठ्या प्रमाणावर पकडले जात. १९८७मध्ये केंद्र शासनाने या निर्यातीवर बंदी घातली. गोव्यात पहिल्या पावसात बेडूक पकडून खाण्याची रीत होती. वन्यजीव संरक्षण कायद्याने तीही गुन्हा ठरली, तरी चोरून चालते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात, प्रत्येक प्राण्याला देवापुढे स्वतःचे मोल आहे, हे आग्रहाने मांडले. ते ऑगस्टीन यांच्याच उद्गारांचे दूरवरचे पडसाद होत.

प्रवचनकारांसाठी तीन सूचना

वरील विवेचनावरून आम्ही आपल्या बंधूंपुढे तीन गोष्टी ठेवू इच्छितो.

पहिली: शास्त्रात जो शब्द आहे तोच सांगावा. निर्गमातील पीडा ही संख्येची आणि सर्वव्यापित्वाची पीडा आहे. बेडूक शयनगृहात, भट्ट्यांत, पीठ मळण्याच्या काठवटींत शिरले. ते कोणाला चावले किंवा कोणाला विष दिले, असे तेथे म्हटलेले नाही. त्या कथेतील खरी भयानक गोष्ट फारोचे उत्तर आहे. बेडूक केव्हा दूर करावे असे मोशेने विचारले असता तो 'उद्या' म्हणतो. आणखी एक रात्र त्याला बेडकांसह झोपणे चालते, परंतु आज नमणे चालत नाही. प्रवचनाला एवढे पुरेसे आहे. विष बाहेरून आणण्याचे कारण नाही.

दुसरी: प्रतिमा आणि प्राणी यांची गल्लत करू नये. 'बेडकी फुगली म्हणून बैल होत नाही' ही आपली म्हण गर्विष्ठ माणसाविषयी आहे, बेडकीविषयी नाही. हीच कथा लॅटिनमध्ये फेड्रसने सांगितली आणि सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या १८२८च्या इसापनीतीपासून इसापच्या कथा मराठी मुलांच्या हाती आल्या. मुलांना कथा सांगावी, हसवावे, आणि त्यानंतर अंगणातील भेकाला दगड मारू नये, हेही सांगावे.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची: सैतानाची प्रतिमा कोणाही जिवंत माणसाच्या अंगावर पडू देऊ नये. वर्गात, प्रार्थनासभेत, आजाऱ्याच्या उशाशी, कोठेही कोणाच्या घराकडे बोट जाईल असे बोलू नये. आणि दुसरा कोणी बोलत असेल, तर तेथेच, सर्वांसमक्ष, त्याला थांबवावे. नंतर एकांतात समजावणे पुरत नाही. कारण तोवर कुजबुज वाडीभर झालेली असते. मायन्सच्या आर्चबिशपांनी सभा बोलावून, आरोप सर्वांसमोर तपासून, निदान एका निरपराध माणसाला वाचविले. आपल्या वाडीत ती सभा बोलावणे हे धर्मगुरूचे आणि धर्मशिक्षकाचे काम आहे.